परसांतील द्विज

'द्विज' या शब्दाचे कोशांत तीन अर्थ दिलेले आहेत : उपनयन झालेला पुरुष, दांत आणि पक्षी. वर्गांत हा शब्द आला म्हणजे पहिल्या अर्थाला मुलें गंभीर होत, दुसऱ्याला जिभेनें आपापले दांत चाचपून पाहत आणि तिसऱ्याला हटकून हंसत. परंतु ज्या कोणा पूर्वजानें पक्ष्याला हें नांव दिलें, त्याची दृष्टि बारीक असली पाहिजे. अंडें घातलें म्हणजे पक्षी जन्मला असें होत नाहीं. तो एकदां आईच्या पोटांतून अंड्याच्या रूपानें बाहेर येतो, आणि बारा-चौदा दिवस ऊब मिळाल्यावर अंड्यांतून पुनः बाहेर येतो. हा दुसरा जन्म आपल्या परसांत, दहा हातांवर, दरसाल होत असतो. आणि घरांतील दहा-बारा माणसांपैकीं एकानेंही तो पाहिलेला नसतो.

कां पाहिलेला नसतो, असें विचारलें तर उत्तर ठरलेलें : "वेळ कोणाला आहे?" हें उत्तर खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. नोकरी, मुलांच्या शिकवण्या, वडीलधाऱ्यांचीं औषधें, आणि खिशांत सारखा वाजणारा मोबाइल. दिवस केव्हां मावळला तें कळत नाहीं. तथापि जिला खरोखरच वेळ नव्हता अशा एका बाईचें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे.

अमेरिकेंतील ओहायओ राज्यांत कोलंबस नांवाचें शहर आहे. तेथें १९२७ सालीं मार्गारेट मोर्स नाइस या बाई यजमानांच्या प्राध्यापकीच्या निमित्तानें राहावयास आल्या. पांच मुलींची आई. घरकाम आणि मुलींचीं आजारपणें सर्व अंगावर. प्राणिशास्त्राचें शिक्षण झालेलें होतें, परंतु नोकरी नाहीं कीं प्रयोगशाळा नाहीं. आपल्या मुली बोलावयास कशा शिकतात याचीं टिपणें करून त्यांनीं त्यापूर्वींच निबंध लिहिले होते. मग त्यांची दृष्टि वळली ती घराशेजारच्या नदीकांठीं झुडपांत राहणाऱ्या गाणाऱ्या चिमण्यांकडे. १९२८ पासून पुढें आठ वर्षें त्यांनीं एकेका पक्ष्याच्या पायांत रंगीत कडीं घालून त्याचा संसार लिहून काढला. कोणाची जोडी कोणाशीं जमली, घर कोठें केलें, किती अंडीं घातलीं, त्यांतलीं किती पिलें जगलीं, सर्व कांहीं. त्यांचे ग्रंथ १९३७ व १९४३ सालीं निघाले आणि पक्षिशास्त्रांतील मोठमोठ्या पंडितांनीं ते शिरोधार्य मानले. कोणी 'गृहिणी' म्हणून बोळवण केली तर बाईंना राग येई; आपण शिकलेल्या प्राणिशास्त्रज्ञ आहोंत असें त्या बजावीत. राग योग्यच होता. परंतु मला मनांतून वाटतें कीं, पांच मुलींना वाढविल्याखेरीज पिलाचें ओरडणें भुकेचें कीं भीतीचें हें इतक्या लवकर त्यांना उमगलें नसतें.

आपल्याकडील उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. डॉ. सलीम अली १९३० सालीं जर्मनींत शिकून परत आले, तेव्हां त्यांना हातीं नोकरी नव्हती. पत्नी तहमीना यांच्या माहेरच्या मंडळींचें एक घर अलिबागेजवळ किहीम येथें समुद्रकांठीं होतें. तेथें उभयतां जाऊन राहिलीं. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तो सबंध पावसाळा त्यांनीं तीं लोंबतीं घरटीं पाहण्यांत घालविला, आणि शतकानुशतकें सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेला व्यवहार प्रथमच नीट उलगडला. 'सुगरण' हें नांव आपण स्त्रीलिंगी करून ठेवलें आहे. परंतु विणणारा असतो नर. तो घरटें अर्धें विणून ठेवतो. मग मादी येते, आंत शिरून पाहणी करते, आणि पसंत पडलें तरच तेथें राहते. ती राहिली म्हणजे नर खालचा बोगदा पुरा करतो आणि लागलीच शेजारीं दुसरें घरटें आरंभितो, दुसऱ्या मादीकरितां! सलीम अलींचा हा निबंध १९३१ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पंचतंत्रांत वानराला उपदेश करून स्वतःचें घरटें गमावणारा जो शहाणा पक्षी आहे, त्याचा संसार असा आहे हें विष्णुशर्म्याला ठाऊक असतें तर त्यानें त्याच्याकडे उपदेशकाची भूमिका दिली असती कीं नाहीं, कोण जाणे.

आम्हां गडचिरोलीकरांना तर किहीमपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून हा जिल्हा वेगळा निघाला, आणि त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग अजून रानाखालीं आहे. इतकें रान भोंवतीं असलें म्हणजे लोकांची जिज्ञासा वाघ-अस्वलांतच संपते. पांखरांना कोणी विचारीत नाहीं. अपवाद मारुती चितमपल्ली यांचा. १९३२ सालीं सोलापुरास जन्मलेल्या या वनाधिकाऱ्यानें झाडीपट्टींतील नवेगांवबांध व नागझिरा येथें दीर्घकाळ काढला, रानांतल्या लोकांना गुरु केलें आणि पक्षिकोश रचला. २०२५ च्या जून महिन्यांत ते निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. मधला आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. शाळांतून भाषणें होतात, चित्रें काढवितात. ठीक आहे, परंतु कार्तिकांत परसांतील घरटीं बहुतेक रिकामीं असतात. पाहावयाचें असेल तर चैत्रापासून भाद्रपदापर्यंत पाहावें.

पाहावें कोठें? ज्याला पुण्याकडे परस म्हणतात आणि आमच्या झाडीपट्टींत सांदवाडी म्हणतात, तेथें. विहीर, वालाच्या शेंगांचा मांडव, लिंबू, कढीलिंब, जास्वंद, मेंदीचें कुंपण एवढें असलें कीं पुरे. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडा शिवून द्रोण करतो. त्याचे टांके कापसाचे व कोळ्याच्या जाळ्याचे असतात. शिंजीराची मादी जळमटें, पानांचे तुकडे, झाडाची साल असला केर गोळा करून ओसरीजवळच्या फांदीला पिशवी टांगते. कित्येकदां तो केरच समजून झाडणारी बाई काढून टाकते. दयाळ भिंतींतील भोंक पाहतो. बुलबुल सर्वांत निष्काळजी, किंवा सर्वांत विश्वासू म्हणा. हात पोंचेल अशा उंचीवर तो वाटी मांडून बसतो.

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. चिरंजीव सरकारी नोकरींत आहेत; मुंजीची यादी, कचेरीचे कागद आणि मोबाइल हीं तिन्ही एकाच वेळीं हाताळण्याची त्यांस संवय आहे. मांडव पुढील अंगणांत आणि आचाऱ्याची भट्टी मागें विहिरीजवळ, पाणी हाताशीं असावें म्हणून, असें ठरलें होतें. विहिरीला लागून मेंदीचें कुंपण आहे. त्यांत लालबुड्या बुलबुलाचें घरटें आहे हें प्रथम पाहिलें तें बटूनें. आंत तीन अंडीं होतीं. गुलाबी झांक असलेल्या पांढऱ्या कवचावर तांबूस-जांभळे ठिपके, कोणी कुंकवाचें बोट झटकावें तसे. अक्षय्यतृतीयेच्या सकाळीं त्यांतील दोन फुटलीं. तिसरें फुटलेंच नाहीं.

मुंज द्वादशीची. बुलबुलाच्या पिलाला घरटें सोडावयास साधारण बारा दिवस लागतात. भट्टी एकादशीला पेटणार, तेव्हां पिलें आठ दिवसांचीं असतील, असें बटूनें बोटांवर मोजून सांगितलें. चिरंजीव म्हणाले, "घरटें उचलून पलीकडच्या लिंबावर ठेवूं." घरटें असें हलविलें तर आईबाप बहुधा तें सोडून देतात, असें मीं सांगितलें. "मग पांखरांसाठीं भट्टी फिरवायची काय?" असें म्हणून ते टेप घेऊन विहिरीजवळची जागा मापावयास गेले.

जागा मापावयास गेलेला माणूस पांच मिनिटांत परत येतो. चिरंजीव अर्ध्या तासानें आले. टेप तशीच गुंडाळलेली होती.

आमच्याकडचा वैशाख म्हणजे भट्टीच. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हांत मादी घरट्याच्या कांठावर उभी राहून, पंख अर्धवट पसरून, पिलांवर सावली धरून होती. चोंच उघडी, गळा धापांनीं हालत असलेला. नर किडा घेऊन येई, तेव्हां घरट्याला किंचित् धक्का बसे, आणि त्याबरोबर दोन आंधळ्या माना वर होऊन दोन लाल तोंडें उघडत. अंगावर पिसाचा मागमूस नाहीं. कातडींतून पोटांतला आहार दिसावा इतकीं तीं उघडीं. भरवून झाल्यावर पिलूं पाठ फिरवी आणि पातळ पांढऱ्या पिशवींत बांधलेली विष्ठा बाहेर टाकी. ती नर चोंचींत धरून दूर नेऊन टाकी. हें सर्व चिरंजीवांनीं रात्रीं जेवतांना सविस्तर सांगितलें. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे सोवळेंओवळें त्यांच्यांतही आहे म्हणायचें." खरें कारण असें कीं, घाण सांचली तर मुंग्या येतात, आणि पांढरा रंग शत्रूला दुरून दिसतो.

त्या दिवसापासून सकाळीं चहाचा पेला घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसण्याचा त्यांचा क्रम सुरू झाला. मोबाइल आंत कोनाड्यांत वाजत राही, आणि सूनबाई तो घेऊन बाहेर येत व पुनः तशाच आंत जात. सप्तमीला पिलांचे डोळे किलकिले झाले. पाठीवर पिसांच्या काळ्या नळ्या दिसूं लागल्या. बटु शेजारीं उकिडवा बसून त्या मोजण्याचा प्रयत्न करीत होता. तो आंत गेल्यावर चिरंजीवांनीं मला विचारलें, "बाबा, हा चार दिवसांचा होता तेव्हां मी कुठें होतों?"

"सिरोंच्याला," मी म्हणालों.

तें त्यांनाही माहीत होतें. त्या वर्षीं त्यांची नेमणूक सिरोंच्यास होती. गडचिरोलीहून सुमारें दोनशें किलोमीटरांवर, प्राणहिता गोदावरीला मिळते तेथें. दिवस पावसाळ्याचे, ओढे-नाले चढले कीं वाट बंद. सूनबाई बाळंतपणाला नागपुरास माहेरीं. बारशालाही त्यांना येतां आलें नाहीं. मुलगा सव्वा महिन्याचा झाल्यावर बापानें प्रथम पाहिला, तेव्हां तो मान धरूं लागला होता. यावर ते पुढें कांहीं बोलले नाहींत, मीही बोललों नाहीं. रात्रीं त्यांनीं आचाऱ्यास फोन करून भट्टी शेजाऱ्यांच्या वाडींत मांडावयास सांगितलें. "मंग पानी कोन आनल, भाऊ?" हा त्याचा प्रश्न मला ओसरीवर ऐकूं आला. चिरंजीवांनीं दुसऱ्या दिवशीं बाजारांतून पन्नास हात रबरी नळी आणली.

अष्टमीला सकाळीं आत्याबाई तुळशीला पाणी घालीत होत्या. कुंपणावर भारद्वाज येऊन बसलेला त्यांना दिसला. "कार्याच्या तोंडावर भारद्वाज! शकुन मोठा चांगला हो," असें म्हणून त्यांनीं तांब्या खालीं ठेवला आणि हात जोडले. हात जोडून होतात तों तो मेंदींत शिरला. बुलबुलांनीं एकच आकांत मांडला. नर त्याच्या पाठीवर झेपा घालीत होता, मादी पिसें फुलवून ओरडत होती. चिरंजीव धांवत आले तोंपर्यंत तो तांबड्या पंखांचा पक्षी एक पिलूं घेऊन वेळूच्या बेटांत दिसेनासा झाला होता. नांव ऋषीचें, गोत्रांत मानाचें. परंतु सरडे, गोगलगाई, अंडीं, पिलें हा भारद्वाजाचा नित्याचा आहार आहे. बटूनें डोळे पुसत विचारलें, "मग याला शुभ कां म्हणतात?" आत्याबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्याला शुभ रे. त्याला नव्हे." याहून सरळ उत्तर मला तरी सुचलें नसतें.

एकच पिलूं राहिलें, तरी भट्टीचा बेत पुनः बदलला नाहीं. मुंजीच्या दिवशीं दीडशें माणूस घरांत होतें. मातृभोजनाच्या वेळीं बटूचें लक्ष पानावर नव्हतें, मागच्या खिडकीकडे होतें. गुरुजींना दोनदां सांगावें लागलें. बुलबुलांनीं गर्दीची फारशी पर्वा केली नाहीं. माणसें विहिरीवर हात धुवावयास जात, तेवढा वेळ तीं तारेवर किडा घेऊन बसत, आणि वाट मोकळी होतांच खालीं येत.

पौर्णिमेला कचेरीस सुटी होती. सकाळीं सातच्या सुमारास पिलूं घरट्याच्या कांठावर आलें. शेंपूट अर्ध्या बोटाएवढी, गालांवर अजून पिवळट कड. आईबाप पलीकडच्या लिंबावर चोंचींत खाऊ धरून बसलीं होतीं, आणि जवळ येत नव्हतीं. भूक लागली कीं पिलूं आपण होऊन सुटतें, हा त्यांचा उपाय. पाऊण तास असा गेला. मग तें सुटलें; उडालें म्हणण्यापेक्षां पडतां पडतां सांवरलें, आणि लिंबाच्या खालच्या फांदीला लटकलें. चिरंजीवांनीं उजव्या हातानें बटूचा खांदा इतका घट्ट धरला होता कीं तो "बाबा, दुखतंय" असें म्हणाला.

तीन अंड्यांतून एक पिलूं, हें प्रमाण वाईट नव्हे. बुलबुलाचीं कितीतरी घरटीं सांप, भारद्वाज, मांजर व कावळे यांच्या तोंडीं सर्वस्वीं जातात. म्हणूनच तें जोडपें एका हंगामांत पुनः पुनः घर मांडतें. ज्येष्ठांत त्याच परसांत जास्वंदीवर दुसरें घरटें झालें.

आतां सातभाईंविषयीं दोन शब्द. एकत्र कुटुंबांतील वाचकांना हा पक्षी आपला वाटेल. मातकट रंगाचे सहा-आठ-दहा पक्षी एकत्र हिंडतात, एकत्र कलकलाट करतात, रात्रीं एका फांदीवर अंगाला अंग लावून झोंपतात. त्यांत घरटें एका जोडीचें. परंतु पिलांना भरविण्यास काका, आत्या, मागल्या सालचीं थोरलीं भावंडें सर्व लागतात. सांप दिसला तर सगळे मिळून त्याच्यावर धांवून जातात. अशा घरांत खाणारें एखादें तोंड जास्त झालें तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि याचा फायदा जो घेतो त्याचें नांव ऐकून संस्कृतज्ञांना धक्का बसेल. तो म्हणजे चातक. मेघाखेरीज कोणाकडे न याचना करणारा म्हणून कवींनीं ज्याला मानी ठरविलें, तो पावसाळ्याच्या आरंभीं येतो आणि आपलें निळें अंडें सातभाईंच्या निळ्या अंड्यांत गुपचुप ठेवून जातो. युरोपांतील कोकिळेचें पिलूं यजमानाचीं अंडीं बाहेर ढकलून देतें. चातकाचें पिलूं तेवढें दुष्ट नाहीं, तें सातभाईंच्या पिलांबरोबरच वाढतें, फक्त ओरडतें अधिक आणि खातें अधिक. कोकिळेचा आणि कावळ्याचा असाच व्यवहार आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता; 'परभृत' हें नांवच त्याची साक्ष आहे, आणि शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत दुष्यंत भर सभेंत तो दाखला शकुंतलेच्या तोंडावर फेंकतो. ज्यानें स्वतःचें अपत्य नाकारावयाचें, त्यानेंच हा दाखला द्यावा, यांत कालिदासाचा हात दिसतो.

श्रावण-भाद्रपदांत सातभाईंचा थवा परसांत उतरला म्हणजे नीट पाहावें. डोक्यावर शेंडी, अंग काळपट-पांढरें, शेंपूट लांब, असें एखादें थोराड पोर मधोमध बसून ओरडत असेल आणि तिघेचौघे लहानखुरे मातकट पक्षी त्याला अळ्या भरवीत असतील, तर तें चातकाचें समजावें.

पिलूं जमिनीवर सांपडलें तर काय करावें, असें पुष्कळ घरांतून विचारतात. माणसाचा हात लागला कीं आई पिलाला टाकते, ही समजूत खरी नाहीं. डोळे मिटलेले व अंग उघडें असेल तर तें घरट्यांतून पडलेलें आहे; घरटें शोधून हलक्या हातानें परत ठेवावें. पिसें आलेलीं असून शेंपूट तेवढी आंखूड असेल, तर तें पडलेलें नसून निघालेलें आहे. जवळच्या झुडपाच्या फांदीवर बसवून आपण घरांत यावें, आईबाप जवळच असतात. दूध पाजूं नये, चोंचींत पाणी ओतूं नये, खोक्यांत घालून मुलांच्या हातीं देऊं नये. घरटें मोडणें किंवा अंडीं नेणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, हेंही मुलांना सांगून ठेवावें. घरट्यांत वारंवार डोकावूं नये. आपण ज्या वाटेनें जातों ती वाट मांजर आणि कावळा दोघेही पाहून ठेवतात. आणि पिलूं बाहेर पडल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरचें मांजर खोलींत कोंडावें. तें ओरडेल, ओरडूं द्यावें.